उसना मारिओ, रोजचा वाचक

नारायणगावजवळ आर्वीला १९७१ साली देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. तीसेक मीटर व्यासाची तबकडी आभाळाकडे तोंड करून उभी राहिली आणि परदेशचे फोन जुन्नर तालुक्याच्या शिवारातून देशात येऊ लागले. पुढे विक्रम साराभाईंचं नाव मिळालेलं हे केंद्र विदेश संचार निगमाकडे, म्हणजे व्हीएसएनएलकडे आलं. याच व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी अमेरिकेत ख्रिस मॉरिसन यांची ‘पॉलिमर सिटी क्रॉनिकल्स’ ही चित्रमालिका इंटरनेटवर आली. व्हिडिओ गेमच्या दुनियेवर बेतलेलं पहिलं वेबकॉमिक म्हणून बहुतेक जण तिचंच नाव घेतात.

या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो. परदेशाशी जोडणारं यंत्र जुन्नरमध्ये पाव शतक आधीपासून होतं. गेमही होते. नव्वदच्या दशकात तालुक्याच्या कुठल्याही बाजारपेठेत टीव्हीला जोडायचा स्वस्त व्हिडिओ गेम मिळायचा. त्यात मारिओ असायचा, काँट्रा असायचा, आणि एकाच कॅसेटमध्ये हजारो गेम असल्याचं सांगणारं, उघड खोटं बोलणारं लेबल असायचं. थट्टामस्करीची तर या भागाला वाण नव्हतीच; नारायणगाव ही तमाशाची पंढरी. मग गेमवर हसणारी रोजची चित्रपट्टी तिकडेच का जन्माला आली? ती कशावर जगली, आणि आता तिचं काय उरलं?

माझ्या मते या सगळ्याचं मूळ चित्रात नाही, गेममध्येही नाही. ते विखुरलेल्या वाचकांत आहे. एका गावात दोघांना कळेल असा विनोद हजार गावांतल्या दोन-दोन जणांपर्यंत रोज फुकट पोचवता आला, तेव्हा हा प्रकार उभा राहिला.

इंटरनेटवरची चित्रं त्याआधीही होती. १९८५ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर एरिक मिलिकिन यांचं कॉमिक आलं होतं. वेबचा जमाना सुरू होताच १९९३ मध्ये डेव्हिड फार्ली यांचं ‘डॉक्टर फन’ आलं. ‘पॉलिमर सिटी’ या रांगेतलं. पण खरी भर पडली ती १९९८ मध्ये. मे महिन्यात स्कॉट कुर्ट्झ यांनी ‘पीव्हीपी’ सुरू केलं. ती एका गेम-मासिकाच्या कचेरीतली गोष्ट. नोव्हेंबरात जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक या जोडीचं ‘पेनी आर्केड’ आलं. दोघांनी आधी आपल्या पट्ट्या एका गेम-मासिकाकडे पाठवून पाहिल्या होत्या. तिथे डाळ शिजली नाही, म्हणून त्या लूनीगेम्स या संकेतस्थळावर झळकल्या. याच वर्षी जे रेसॉप यांचं ‘निग्लेक्टेड मारिओ कॅरेक्टर्स’ही निघालं. त्याच्याकडे पुढे येऊच.

१९९८च का? त्या वर्षात ‘स्टारक्राफ्ट’ आला, ‘हाफ-लाइफ’ आला, झेल्डा मालिकेतला ‘ऑकरिना ऑफ टाइम’ आला. गेम खेळणारी पोरं आता नोकरीला लागली होती किंवा कॉलेजात होती, आणि दोन्ही ठिकाणी इंटरनेट दुसऱ्याच्या पैशानं चालू असायचं. सकाळी कामाला बसण्याआधी एक पट्टी वाचायची, ही सवय तिथून लागली. पेनी आर्केडचा सोमवार-बुधवार-शुक्रवार हा नेम त्या सवयीला धरूनच होता.

इथे आपल्या ‘चिंटू’ची आठवण होणं साहजिक आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या पुण्याच्या जोडीनं २१ नोव्हेंबर १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये तो सुरू केला. एसटीनं आणि पेपरवाल्याच्या सायकलवरून तो मंचर, घोडेगाव, ओतूरपर्यंत जायचा. रोजच्या पट्टीची सवय मराठी वाचकाला होतीच, तीही अमेरिकेतल्या त्या पोरांइतकीच पक्की. पण चिंटूला घरातल्या आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना हसवायचं होतं. वर्तमानपत्राचा तो नियमच आहे. तिथे काँट्राच्या तिसऱ्या टप्प्यावरच्या धबधब्याचा विनोद चालला नसता, कारण आजोबांनी तो धबधबा चढलेला नव्हता. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांचाही नियम हाच. पेनी आर्केडची एखादी पट्टी त्या आठवड्यात कुठला गेम आला हे माहीत नसेल तर कळतच नाही. हे तिचं वैगुण्य आहे आणि तिचं भांडवलही तेच. ज्याला कळतं त्याला वाटतं, हे माझ्यासाठीच लिहिलंय.

जाता जाता, पेनी आर्केडमधल्या दोन नायकांपैकी एकाचं नाव टायको ब्राहे, हे सोळाव्या शतकातल्या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाचं. जवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणींच्या सावलीत राहणाऱ्यांना ते ओळखीचं वाटायला हरकत नाही.

आता मारिओकडे. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त रस वाटतो तो ‘स्प्राइट कॉमिक’ या प्रकारात, आणि जुन्नर-आंबेगावातल्या टीव्ही गेमवाल्या पिढीशी त्याचंच नातं सर्वांत जवळचं आहे. गेममध्ये हलणाऱ्या आकृतीच्या छोट्या चित्राला स्प्राइट म्हणतात. निंटेंडोच्या आठ-बिट यंत्रात ही चित्रं आठ बाय आठ ठिपक्यांच्या तुकड्यांतून जोडली जायची आणि एका तुकड्याला तीनच रंग मिळायचे. छोटा मारिओ म्हणजे असे चार तुकडे. इतक्या ठिपक्यांत तोंड आणि केस नीट दाखवता येत नव्हते, म्हणून १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये शिगेरू मियामोतोंनी त्याला मिशी दिली आणि टोपी घातली. यंत्राच्या गरिबीतून जगभर ओळखीचा चेहरा तयार झाला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी संगणकावर जुने गेम चालवणारे एम्युलेटर आले. गेम चालवा, पडद्याचं चित्र पकडा, मारिओ कापून घ्या, पेंटमध्ये चिकटवा, डोक्यावर बोलण्याचा फुगा काढा. झालं कॉमिक. चित्र काढता यायची गरजच उरली नाही. ‘निग्लेक्टेड मारिओ कॅरेक्टर्स’ हे या पद्धतीचं पहिलं वेबकॉमिक. पण तिला नाव मिळालं ते डेव्हिड अ‍ॅनेझ यांच्या ‘बॉब अँड जॉर्ज’मुळे. १ एप्रिल २००० ला सुरू झालेल्या या मालिकेत खरं तर हातानं काढलेली गोष्ट यायची होती. ती तयार होईपर्यंत वेळ भागवायला अ‍ॅनेझनी कॅपकॉमच्या मेगा मॅनची उसनी चित्रं वापरली. हातानं काढायचं काही जमलं नाही, आणि वेळ भागवायला आणलेला मेगा मॅन २००७ पर्यंत टिकला. मार्च २००१ मध्ये ब्रायन क्लेव्हिंजर यांचं ‘एट-बिट थिएटर’ आलं. १९८७ च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’तले चार वीर त्यात आहेत, फक्त इथे ते जग वाचवायला निघालेले चार बेफिकीर, भांडकुदळ नग आहेत. ही मालिका २०१० पर्यंत चालली.

चित्र तेच, चेहरा तोच, उभं राहण्याची ढबही तीच. मग विनोद कुठून यायचा? बोलण्यातून. तमाशा पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गणगौळणीत कृष्ण ठरलेला, पेंद्या ठरलेला, मावशी ठरलेली. त्यांच्या वेशावर कुणी टाळ्या वाजवत नाही. मावशी आज या गावात, या सरपंचासमोर काय बोलते, त्यावर टाळ्या पडतात. स्प्राइट कॉमिकचा मारिओ आणि बतावणीतला सोंगाड्या ही एकाच पद्धतीची माणसं आहेत. पात्र घडवण्याचं काम आधीच झालेलं असतं. उरतं ते फक्त हजरजबाबी असणं. ज्याच्याकडे बोलायला काही नसे, त्याचं स्प्राइट कॉमिक दहा पट्ट्यांत मान टाकी, आणि अशी मान टाकलेली कॉमिक्स हजारोंनी होती. स्वस्त साधनाची किंमत ही अशी चुकवावी लागते.

मुद्दा हा की नारायणगावात भाड्यानं टीव्ही गेम खेळणाऱ्या पोराला मारिओचे ते सोळा बाय सोळा ठिपके तितकेच पाठ होते जितके अमेरिकेतल्या पोराला. त्याचं यंत्र नकली असेल. ठिपके अस्सल होते. कच्चा माल त्याच्याकडे होता. मावशीची जीभ शेजारच्या तमाशाच्या राहुटीत होती.

कमतरता मराठी लिपीची होती असं कुणी म्हणेल. त्या काळी संकेतस्थळावर मराठी वाचायचं तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. शिवाजी, श्रीलिपी, प्रत्येक पेपराचा वेगळा. नाही तर पडद्यावर रोमन अक्षरांचा चिवडा दिसे. देवनागरीला नीट हाताळणारं विंडोज २००० साली आलं आणि ते घराघरांत पोचायला आणखी काही वर्षं गेली. पण ही अडचण लेखाला होती, कॉमिकला नव्हती. कॉमिक हे चित्र असतं, अक्षरं त्या चित्रातच काढलेली असतात. मराठी फुगे असलेलं मारिओचं कॉमिक १९९८ मध्ये कुठल्याही संगणकावर, फॉन्ट न उतरवता, जसंच्या तसं दिसलं असतं. खरं तर इंटरनेटवर मराठीला तेव्हा याहून सोपा रस्ता नव्हता.

अडलं ते जोडणीपाशी. व्हीएसएनएलचं विद्यार्थ्यांसाठीचं स्वस्त खातं फक्त अक्षरं दाखवायचं, चित्र नाही. चित्र दाखवणारं खातं महाग, वर फोनचं बिल वेगळं. नंतर सायबर कॅफे आले, पण तिथे तासावर पैसे. माणूस निकाल बघायला, रेल्वेचं तिकीट काढायला, ई-मेल पाहायला जायचा. रोज सकाळी चार चौकटींसाठी कोण जाईल? अमेरिकेत ज्या दिवशी पट्टी येते त्या दिवशी ती वाचणारे हजारो होते म्हणून ती काढणारे टिकले. इथे उद्याचा वाचक मिळेल याची खात्री नव्हती, आणि खात्रीशिवाय रोज काढत राहणं हे वेड्याचं काम. आर्वीची तबकडी असो की इंटरनेटचा पहिला फाटा, मोठी यंत्रणा आधी आली. गावातल्या एका माणसाला ती रोज, विचार न करता वापरता येईल अशी झाली त्याला पुढची वीस वर्षं लागली.

तिकडच्यांची पैशाची कथाही काही सरळ नाही. सुरुवातीला जाहिरातींवर भिस्त होती. पेनी आर्केड ज्या ईफ्रंट नावाच्या कंपनीच्या छत्राखाली होतं, ती २००१ मध्ये आतल्या संभाषणांच्या नोंदी फुटून बदनाम झाली आणि बुडाली. दोघे वाचकांच्या देणग्यांवर आले. स्कॉट मॅकक्लाउड या चित्रकथेच्या अभ्यासकानं तेव्हा सूक्ष्म-देयकांचा हिरिरीनं पुरस्कार केला होता, म्हणजे प्रत्येक पट्टीला काही पैसे. २००३ मध्ये त्यासाठी बिटपास ही सेवा निघाली आणि २००७ पर्यंत गुंडाळली गेली. लोक पट्टीसाठी पाच पैसे द्यायला तयार नव्हते. तेच लोक पट्टीतलं वाक्य छापलेल्या टी-शर्टसाठी वीस डॉलर आनंदानं देत. २००२ मध्ये पेनी आर्केडला रॉबर्ट खू हा व्यवहार पाहणारा माणूस मिळाला. २००४ मध्ये सिएटलजवळ बेलव्ह्यूला त्यांनी पॅक्स नावाचा गेमशौकिनांचा मेळा भरवला. तीन हजारांवर माणसं आली, आणि पुढे तो एवढा वाढला की कॉमिक हा त्याचा जोडधंदा वाटावा. २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या उपक्रमातून त्यांनी पहिल्याच वर्षी सिएटलच्या बालरुग्णालयासाठी सुमारे अडीच लाख डॉलरची रोकड आणि खेळणी जमवली. गेममुळे मुलं हिंसक होतात असं लिहिणाऱ्या एका स्तंभलेखाला दिलेलं ते उत्तर होतं, आणि वादात इतकं सणसणीत उत्तर क्वचितच कुणी देतं.

स्प्राइटवाल्यांना यातलं फार काही साधलं नाही. चित्रं निंटेंडोची, कॅपकॉमची, ‘फायनल फँटसी’वाल्या स्क्वेअरची. कंपन्या सहसा डोळेझाक करत, पण पुस्तक छापायला गेलं तर करणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. उसन्या मारिओवर घर बांधता येत नाही. क्लेव्हिंजर पुढे ‘अ‍ॅटॉमिक रोबो’ या स्वतःच्या पात्राकडे वळले ते उगीच नव्हे. आणि विडंबनाचा हक्क आहे म्हणून सगळंच खपतं असंही नाही: २००३ मध्ये पेनी आर्केडनं ‘स्ट्रॉबेरी शॉर्टकेक’ या बाहुलीचं विडंबन केलं तेव्हा तिची मालकी असलेल्या अमेरिकन ग्रीटिंग्ज कंपनीची वकिली नोटीस आली आणि त्यांनी ती पट्टी काढून टाकली.

२०१३ मध्ये पेट्रिऑन आलं. वाचक महिन्याला ठरावीक रक्कम देतात आणि काम सगळ्यांनाच पाहायला मिळतं. अमेरिकेत हा मोठा शोध म्हणून वाखाणला गेला. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, पैसा गावच्या वर्गणीचा असतो आणि पुढे तमाशाला बसणाऱ्याकडे कुणी तिकीट मागत नाही. पद्धत तीच आहे. फरक इतकाच की फडमालकाला सुपारी आधी मिळते, कॉमिकवाल्याला महिनाअखेरीस.

या प्रकाराची वाईट बाजू झाकून चालणार नाही. ‘ज्याला कळतं त्याच्यासाठी’ हे धोरण फार दिवस चाललं की ते ‘आपल्यातल्यांसाठी’ होतं, आणि आपल्यातले म्हणजे बहुतेक वेळा तरणी पोरं. २०१० मध्ये पेनी आर्केडच्या एका पट्टीत बलात्काराच्या संदर्भानं विनोद झाला. लोक दुखावले, तेव्हा दोघांनी ऐकून घेण्याऐवजी आपल्या टीकाकारांना डिवचणारे टी-शर्ट विकायला काढले. पुढे क्राहुलिकना जाहीर माफी मागावी लागली. मला ही घटना त्या एका पट्टीपेक्षा मोठी वाटते. एकमेकांत कुजबुजणारी पोरं बोलता बोलता चावडीवर येऊन पोचली होती आणि त्यांना ते कळलंच नव्हतं. तमाशाची बोली कितीही मोकळी असली तरी फडातल्या सोंगाड्याला समोर कोण बसलंय हे दिसत असतं.

आणि ‘लॉस’. टिम बकली यांच्या २००२ पासूनच्या ‘कंट्रोल-आल्ट-डिलीट’ या हलक्याफुलक्या मालिकेत २ जून २००८ रोजी एकाएकी चार मूक चौकटी आल्या: नायक धावत रुग्णालयात शिरतो, चौकशीच्या टेबलाशी बोलतो, डॉक्टरांशी बोलतो, पलंगावर पडलेल्या होणाऱ्या बायकोजवळ उभा राहतो. गर्भपात झालेला. वाचकांनी त्याची अतोनात टर उडवली. त्या चार चौकटींतली माणसं इतक्या लोकांनी इतक्या वेळा बदलून काढली की शेवटी नुसत्या उभ्या-आडव्या रेघाही ओळखू येऊ लागल्या: एक उभी, दोन उभ्या, पुन्हा दोन उभ्या, शेवटी एक उभी नि एक आडवी. आज गेमवरच्या वेबकॉमिकचं एकही नाव न ऐकलेल्या मुलांना या रेघा माहीत असतात. या घराण्यातलं सर्वांत दीर्घायुषी काम म्हणजे एक फसलेली पट्टी, हे जरा बोचतं.

उरलेल्याचं काय झालं? पेनी आर्केड अजून चालू आहे. ‘पीव्हीपी’ला २००६ मध्ये आयस्नर पुरस्कार मिळाला. पण छोटी कॉमिक्स ज्या फुकट जागांवर होती त्या जागाच गेल्या. स्प्राइट कॉमिक्सचं मोठं ठाणं असलेलं स्मॅकजीव्हज २०२० च्या अखेरीस बंद झालं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २०१७ मध्ये वेबकॉमिक्सचा संग्रह खुला केला, पण त्यात निवडक नावं आहेत. बाकीच्यांची पानं इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर कधी सापडतात, तेव्हा बऱ्याचदा मजकूर असतो आणि चित्र गळालेलं असतं. वर पट्टीचं शीर्षक, खाली तारीख, मध्ये रिकामी चौकट.

नाणेघाटाच्या लेण्यात मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्याच्या मूर्ती कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर ब्राह्मीत नाव होतं: सिमुक, नागनिका आणि सातकर्णी, कुमार, महारठी. मूर्ती गेल्या, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. नावं मात्र दोन हजार वर्षांनी वाचता येतात, आणि सातवाहनांचा बराच इतिहास त्या मथळ्यांवर उभा आहे. वेबकॉमिक्सच्या अभ्यासकाला आज हेच करावं लागतं. मूर्ती कशी होती हे मथळ्यावरून ताडायचं.

इकडे काय झालं ते थोडक्यात सांगता येईल, कारण ते फार नाही. भारतात वेबकॉमिक रुजलं, पण दुसऱ्या विषयांवर. नागपूरच्या रोहन चक्रवर्तींनी २०१० मध्ये वन्यजीवांवर ‘ग्रीन ह्यूमर’ सुरू केलं आणि ते जगभर वाचलं जातं. पुण्यात गेमही बनू लागले. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या कंपनीचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निंटेंडोच्याच यंत्रावर आला, आणि त्यातल्या पुराणकथा सांगायला त्यांनी छायाबाहुल्या वापरल्या. मराठीतलं गेमवरचं कॉमिक मात्र काही मूळ धरू शकलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि रोजचा, फुकटासारखा, गावागावात विखुरलेला वाचक अखेर तयार झाला. पेनी आर्केडवाल्यांना जो १९९८ मध्ये मिळाला होता तोच. पण तोवर चार चौकटींचा काळ सरला होता. २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला, तेव्हा त्यावरची मराठी थट्टा मीममधून आणि गेम खेळता खेळता थेट चालणाऱ्या बडबडीतून आली. त्यातली काही बडबड ऐकावी: शिव्या वगळल्या तर ती अस्सल बतावणी आहे. पण मीमवर काढणाऱ्याचं नाव नसतं, तारीख नसते, कालच्या मीमनंतर आजचं मीम असा क्रमही नसतो. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली त्या आठवड्यात मराठी पोरं कशावर हसली, हे कुणाला दहा वर्षांनी शोधायचं झालं तर त्याच्या हाती मथळाही लागणार नाही.